हळू गायचा पोवाडा

सर्वसाधारण सभेला जो गैरहजर असतो, त्याला सोसायटीत सांस्कृतिक प्रमुख करतात. हे मला सभेच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळच्या फळ्यावर कळलं. माझ्या नावापुढे कंसात 'एकमताने' असंही लिहिलं होतं. एरवी आमच्याकडे पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायलासुद्धा एकमत होत नाही.

काम तसं साधं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चौदाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गाण्याचा एक कार्यक्रम ठेवायचा. जूनमध्ये गझल झाली. जुलैमध्ये जुनी हिंदी गाणी झाली. त्यात सेक्रेटरींनी पडद्यावरचे शब्द वाचत वाचत स्वतःच अकरा म्हटली आणि बाराव्याच्या आधी वीज गेली. ती कुणी घालवली याची चौकशी अजून चालू आहे. ऑगस्टचं ठरवायला बसलो तेव्हा सी विंगमधले ८२ वर्षांचे आजोबा म्हणाले, "गॅलरीतून सिंहगड दिसतो म्हणून बिल्डरनं आपल्याकडून फुटामागं २०० रुपये जादा घेतले. आणि एवढ्या वर्षांत इथं एकदाही पोवाडा नाही?"

मुद्दा बिनतोड होता. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. या रस्त्यावरच्या माणसाचा सिंहगडाशी संबंध दोनदाच येतो, पत्ता सांगताना आणि रविवारी पिठलं-भाकरी खायला जाताना. तानाजीला गड घ्यायला एक रात्र पुरली. आम्हाला रविवारी नुसता पायथा गाठायला निम्मा दिवस लागतो.

कमिटीत पोवाडा मंजूर झाला, पण चर्चेअंती. खजिनदारांनी विचारलं, "माणसं किती?"

"शाहीर, एक ढोलकीवाला, एक तुणतुणंवाला आणि दोन झीलकरी."

"झीलकरी काय करतात?"

"मागं उभे राहून 'जी जी रं जी' म्हणतात."

"मग दोन कशाला? एक पुरे."

चेअरमनच्या मागे आमच्या कमिटीत सातजण हेच काम करतात. तिथे कधी कुणाला काटकसर सुचली नव्हती. ए विंगमधल्या एका तरुण सभासदाने विचारलं, "हे अनप्लग्ड असतं का?" मी म्हटलं, "हो, साडेतीनशे वर्षांपासून." शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "पोवाड्याला माझा विरोध नाही. पण फार ओरडून गातात हो ते. खाली बारावीची मुलं आहेत. त्यांना म्हणावं, जरा हळू गा."

शाहीर वाईकडचे. शाहीर साबळ्यांचं पसरणी त्यांच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. मी फोन लावला. तारीख ठरली, बिदागी ठरली. मग मी घसा खाकरून म्हणालो, "शाहीर, एक विनंती होती. जरा हळू गाता येईल का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"पोवाडा कंचा पायजे म्हनालात?"

"सिंहगडाचा. तानाजीचा."

"मग सायेब, हळू गायलं तर गड चढायचा कसा?"

या प्रश्नाचं उत्तर उपविधीत नव्हतं. मी विषय बदलून, येताना कुठल्या पुलाखालून वळायचं ते सांगितलं.

आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत. एक गुढीपाडव्यापासून बंद आहे. दुसरी मनस्वी आहे. त्या शनिवारी सहाच्या सुमाराला शाहिरांची गाडी आली आणि नेमकी तेव्हाच दुसरीचंही मन लागेना. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला निघालोय. म्हणजे अजून झोपला होता. शेवटी आम्ही जिन्याने निघालो. पुढे काखेत डफ घेतलेले शाहीर, मागे ढोलकी, तिच्यामागे तुणतुणं, मग झीलकरी, आणि सगळ्यांत मागे शाहिरांची पाण्याची बाटली घेऊन मी. नवव्या मजल्यावर मी पायरीवर बसलो आणि त्यांचंच पाणी प्यालो. साठीचे शाहीर कठड्याला हात न लावता उभे होते. म्हणाले, "ह्यो बी गडच हाय की. घोरपड न्हाई का तुमच्याकडं?"

"आहेत ना, दोन आहेत," मी म्हटलं, "पण बंद आहेत."

शाहिरांनी झीलकऱ्यांकडे एकदा बघून घेतलं. त्या बघण्याचा अर्थ मला रात्री कळला.

हॉलमध्ये पोचल्यावर शाहिरांनी डफावर बोटं मारली. डफ 'धब्ब' असं बोलला. श्रावणातली हवा, दिवसभर पाऊस, चामडं ओल धरून सैल पडलेलं. डफाला अशा वेळी शेक लागतो. गावाकडे थोडा पाचोळा पेटवला की भागतं. शाहिरांनी सहज विचारलं, "जरा जाळ करायला जागा कुठं?" आणि एक झीलकरी कोपऱ्यातली रद्दी गोळा करायला लागलासुद्धा. सेक्रेटरी पांढरे पडले. त्या हॉलच्या छताला धूर ओळखणारी यंत्रं आहेत. मागे एकदा सत्यनारायणाच्या धुपाने ती ओरडली होती आणि कथेतल्या साधुवाण्याची नौका बुडण्याआधी प्रसादाचा शिरा पाण्यात गेला होता.

अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे आल्या. त्यांनी पर्समधून केस वाळवायचं यंत्र काढलं. शाहिरांनी ते उलटसुलट पाहिलं, हातावर वारा घेऊन बघितला आणि डफाच्या कडेकडेने फिरवायला सुरुवात केली. मधे थांबून बोट मारायचं, कान लावायचं, पुन्हा वारा. पाच मिनिटांत डफ 'टण्ण' बोलला. "झ्याक हाय," शाहीर म्हणाले, "धूर न्हाई, डोळं चुरचुरत न्हाईत. केवढ्याला पडलं, ताई?" काकूंनी किंमत सांगितली. शाहिरांनी यंत्र दोन्ही हातांनी परत केलं. म्हणाले, "आमी आपलं पाचोळाच जाळू."

तिकडे साउंडवाला पोरगा तुणतुण्यापुढे माईक लावून बुचकळ्यात पडला होता. "काका, बाकीच्या तारा तुटल्यात का?"

"एकच असती," तुणतुणंवाला म्हणाला. "दुसरी लावली की दोघींचं पटत न्हाई."

आपलंच तुणतुणं वाजवणारी माणसं आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत, पण खरं तुणतुणं बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नळकांड्यासारखा पोटाचा भाग, खाली चामडं, बाजूला एक काठी आणि खुंटीपर्यंत गेलेली एक तार. दोन मुलांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. तुणतुणंवाल्याला फोटोत घेतलं नाही.

व्यासपीठावर गालिचा, लोड आणि तक्के मांडून तयार होते. ते जूनमधल्या गझलेचे. शाहीर आणि शायर हे शब्द मुळात एकच. शायर मराठीत आला, चार डोंगर चढला, आवाज मोठा झाला आणि त्याचा शाहीर झाला. त्यात शायर लोडाला टेकतो आणि शाहीर उभाच राहतो. आमच्या शाहिरांनी लोड बाजूला केले, गालिचा गुंडाळायला लावला आणि फरशीवर टाच आपटून बघितली. खालच्या तेराव्या मजल्यावरून लगेच इंटरकॉम आला.

कार्यक्रम सातला सुरू होऊन साडेआठला संपणार होता, कारण बटाटेवड्यांची ऑर्डर पावणेनऊची होती. पहिल्यांदा राज्यगीत झालं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज आणि २०२३ पासून सरकारी मान, एवढं सगळं असूनही दुसऱ्या कडव्यापाशी आमच्या हॉलमध्ये नुसता गुणगुणाट उरला. शाहीर आणि मंडळी तेवढी शब्दांनिशी म्हणत होती. मग दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने तीनदा विझलं. मग निवेदिकाताईंनी मातीचा सुगंध आणला. तो त्यांनी सात मिनिटांत पाच वेळा आणला. चौदाव्या मजल्यावर माती म्हणजे चेअरमनच्या तुळशीच्या कुंडीतली, आणि तिला गेल्या आठवड्यात बुरशी लागली होती.

प्रमुख पाहुणे महापालिकेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी होते. ते म्हणाले, कामाच्या व्यापात लोककलेसाठी वेळ मिळाला नाही, याची खंत वाटते. मला उगीचच हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आठवला. हा इंग्रज मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने जुने पोवाडे गोळा केले आणि १८९१ मध्ये छापून काढले. आज अभ्यासक जुना पोवाडा शोधायला निघाला की त्याची वाट या साहेबाच्या दारावरून जाते. महापालिकेचा कारभार करून माणसाला परक्या भाषेतले पोवाडे जमवता येत होते, यावरून त्या काळी रस्त्यांत खड्डे फारसे नसावेत.

शाहिरांना डफ हातात घ्यायला आठ वाजले. म्हणजे गड घ्यायला अर्धा तास.

त्यांनी फेटा सारखा केला, डावा तळहात कानावर ठेवला आणि पहिला सूर सोडला. साउंडवाल्याच्या यंत्रातले सगळे दिवे एकदम लाल झाले. त्याने माईक बारीक केला. काही फरक पडला नाही. त्याने माईक बंद केला. तरीही फरक पडला नाही. मग तो हात बांधून ऐकत बसला. त्या दिवसाची त्याची मजुरी आम्ही पूर्ण दिली, याबद्दल खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तानाजीचा जुना पोवाडा तुळशीदास शाहिराचा. लढाई १६७० च्या फेब्रुवारीतली. आमच्या शाहिरांनी त्याच वाटेने, पण स्वतःच्या पावलांनी जायला सुरुवात केली. गाताना मधेच थांबायचं, गद्यात चार वाक्यं भरभर बोलायची, बोलता बोलता शेवटचा शब्द लांबवायचा आणि झीलकऱ्यांच्या हातात द्यायचा. मग झीलकरी तो 'जी जी रं जी' करत छताला लावणार. तेवढ्यात शाहिरांना श्वास मिळतो आणि श्रोत्यांचा अडकतो. तानाजीने घरातलं रायबाचं लग्न बाजूला ठेवून मोहीम हाती घेतली तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून कुजबुज आली, "अगं बाई, हॉलचा ॲडव्हान्स बुडाला असेल." पण पुढच्या दोन चौकांत ती कुजबुजही बंद झाली.

टाळ्यांचं मात्र जमेना. आम्ही गझलेला 'क्या बात है' म्हणायला शिकलेली माणसं. कुणी समेच्या आधी वाजवी, कुणी नंतर. एवढ्यात दाराकडून झीलकऱ्यांच्या वरचा एक सूर आला. आमचा जावळीकडचा वॉचमन, एका हातात रजिस्टर, दुसरा कानावर. चार वर्षं तो आम्हाला रोज सलाम करतो. त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी ऐकला. शाहिरांनी मान न वळवता डफाने त्याला आत बोलावलं, आणि तो आला. कमिटीने मागितलेली झीलकऱ्यांमधली काटकसर अशी उलट बाजूने भरून निघाली.

आता यशवंती घोरपड आली. घोरपडीची गोष्ट इतिहासकारांना फारशी पटत नाही. पण इतिहासकाराला गड कागदावर चढायचा असतो, शाहिराला चारशे डोळ्यांसमोर. डोणागिरीचा कडा, काळोखी रात्र, घोरपडीच्या कमरेला दोर, आणि ती चढायला लागली. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्याऐवजी व्यासपीठाच्या कोपऱ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "एकशे एक रुपये प्राप्त झाले!"

"जी जी रं जी!" झीलकऱ्यांनी झेलला.

ती शाहिरांची डबी होती. पूर्वी ऐन रंगात कुणी नोट पुढे केली की शाहीर गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचे. "लोकांच्या खिशातनं नोटा गेल्या तवा आमचं बक्षीसच बुडालं," ते नंतर मला म्हणाले, "मग पोरानं ही बाई आनून दिली." आता श्रोता जागेवरून मोबाईल रोखतो आणि बाई आकडा पुकारते. नाव पुकारत नाही, एवढी एकच उणीव. पण बी विंगच्या काकांनी उभं राहून, वळून, चौफेर नमस्कार करून तीही भरून काढली.

घोरपड निम्म्यात पोचली आणि बाई म्हणाली, "एक रुपया प्राप्त झाला."

हॉल खुदखुदला. एका पोराने मोबाईल पाठीमागे लपवला. शाहिरांनी डफ थांबवला. कड्याकडे वर बघितलं, मग खाली आमच्याकडे. अतिशय गंभीरपणे म्हणाले, "मंडळी, घोरपड थांबली. म्हनती, एवढ्यात मी एवढीच चढते."

त्यानंतर त्या बाईला दम खायला सवड मिळाली नाही. एकावन्न, एकशे एक, एकावन्न, पाचशे एक. प्रत्येक आकड्याला शाहीर घोरपडीला वीतभर वर नेत होते आणि झीलकरी दोर आवळत होते. लाइट बिल भरताना ज्यांचा सर्व्हर नेहमी बंद असतो त्यांचाही त्या रात्री चालू होता. घोरपड माथ्यावर पोचली तेव्हा खजिनदारांनी बोटांवर हिशेब केला आणि माझ्या कानात सांगितलं, "सहा महिन्यांचा मेंटेनन्स असाच वसूल करता येईल का, जरा विचारा त्यांना."

साडेआठ झाले. निवेदिकाताई पुढच्या सुगंधासह तयार होत्या. इतक्यात वॉचमनच्या वॉकीटॉकीवर खालून बातमी आली: चालू लिफ्ट पुन्हा बंद. मेकॅनिक परत गेला. वडेवाला खाली उभा आहे, चौदा मजले चढणार नाही म्हणतो. हॉलमध्ये चुळबुळ झाली, चपला शोधल्या जाऊ लागल्या. गडावरही त्याच वेळी तानाजी पडला होता आणि मावळे माघारी पळत होते. शाहिरांनी दोन्ही बातम्या एकाच क्षणी ऐकल्या आणि डफावर थाप मारून गरजले, "सूर्याजीनं दोर कापलं! आता खाली जायला वाट न्हाई! बसा!"

दोनशे माणसं बसली.

गड आला, सिंह गेला. आमच्या ८२ वर्षांच्या आजोबांनी डोळे टिपले. ते शेलारमामांच्या वयाचे म्हणून शाहिरांनी सगळी लढाई त्यांच्याकडे बघून गायली होती. हे झाल्यावर खरं तर संपायचं. पण दोर कापलेले होते. शाहीर पाणी प्याले आणि म्हणाले, "अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. ते न बघता रचला. मी तर तुमची लिफ्ट डोळ्यांनी बघितली."

नवव्या मजल्यावरच्या त्या बघण्याचा अर्थ आता उलगडला. शाहिराचा हा जुना धंदा. वर्तमानपत्र नव्हतं तेव्हा लढाईची बातमी त्यांच्या डफावरून गावात जायची. पेशवाईत शाहीर होनाजी जातीने गवळी, सगनभाऊ शिकलगार, पण डफ वाजला की सगळा गाव समोर. आमच्याकडे एवढी माणसं एका जागी फक्त टँकर आल्यावर जमतात. शाहिरांनी पहिल्या चौकात दोन घोरपडींचं वर्णन केलं. एक पाडव्याला रुसून बसलेली आणि दुसरी सोमवारचा उपास शनिवारी करणारी. दुसऱ्या चौकात चार सिलिंडर आणि एक गादी घेऊन जिना चढणारे मावळे आले. तिसऱ्यात सेक्रेटरी आले, घोड्यावर नाही, पण हातात 'काम चालू आहे' ही ढाल घेऊन. त्यांच्या पराक्रमाचं शाहिरांनी इतकं आदराने वर्णन केलं की पहिल्या चार ओळी ते स्वतः टाळ्या वाजवत होते. पाचव्या ओळीला त्यांचे हात हवेतच राहिले. शेवटच्या ओळीत रिवाजाप्रमाणे शाहिरांनी स्वतःचं आणि गुरूचं नाव गुंफलं, आणि जाता जाता वॉचमनचंही.

डफ खाली ठेवला तेव्हा दहाला पाच कमी होते. दहानंतर आवाज नको, हा नियम आम्हाला कुणी सांगायची गरज पडली नाही. दहा वाजेपर्यंतचा आवाजाचा सगळा कोटा आम्ही वापरून टाकला होता.

मग शाल, श्रीफळ आणि पाकीट. खजिनदारांनी पाकिटाबरोबर पॅनकार्डाची झेरॉक्स मागितली. अफजलखानाच्या प्रसंगावरचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला एक घोडा आणि शेरभर सोनं मिळालं, असं सांगतात. तेव्हा कर कापत नसत. मी हे बोलून दाखवलं तर चेअरमन घाबरून म्हणाले, "घोडा नको बाबा. पार्किंगचं काय?" शाहिरांनी पाकीट कपाळाला लावलं आणि अंधारात चौदा मजले उतरले. मी सातव्यापर्यंत सोबत गेलो.

पुढच्या कमिटी बैठकीत ठराव झाला: यापुढे आमंत्रित कलाकारांनी सोसायटीच्या अंतर्गत बाबींवर गायन करू नये. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक मिळाला नाही. लिफ्टच्या सुट्या भागांची ऑर्डर मात्र त्याच बैठकीत गेली. भाग अजून वाटेत आहेत.

परवा संध्याकाळी चालू लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकली. आत सहाजण. पूर्वी अशा वेळी घंटा वाजायची, मग शिव्या, मग ग्रुपवर निषेध. या वेळी घंटा वाजली नाही. दाराच्या फटीतून आधी एकट्याचा, मग सगळ्यांचा आवाज आला, "जी जी रं जी!" तळमजल्याच्या दारातून वॉचमनने वरची पट्टी लावली. गॅलऱ्या उघडल्या, तिसऱ्या मजल्यावरून काकूंनी ताट वाजवलं. सेक्रेटरी अर्धी दाढी तशीच ठेवून टॉवेलवर धावत आले, जिन्यात उभे राहून वर बघत ओरडले, "आलो, आलो! मेकॅनिकला फोन केलाय! पण जरा हळू!"

वरून आजोबांचा आवाज आला, "हळू म्हटलं तर गड चढायचा कसा?"